डिझेलच्या टाकीला गंज कोठून लागतो?

डिझेलच्या टाकीला तळाशी भोक पडले की मालक दोघांना दोष देतो. पत्रा हलका वापरला म्हणून टाकी करणाऱ्या कारागिराला, नाही तर डिझेलमध्ये भेसळ केली म्हणून पंपवाल्याला. दोन्ही गोष्टी कधी कधी खऱ्याही असतात. परंतु बहुतेक वेळा हे दोघेही बेकसूर असतात आणि खरा गुन्हेगार टाकीच्या तळाशी बोटभर उंचीचा होऊन गुपचूप बसलेला असतो. तो म्हणजे पाणी.

आमचा धंदा कापडाचा. टाकी, इंजिन, वेल्डिंग हे आमचे काम नाही. पण कापडाबरोबर आम्ही ताडपत्री आणि कॅनव्हासही विकतो. मुंबईच्या बाजारात मालासाठी गेलो की रत्नागिरीकडचे होडीवाले बांधव भेटतात. पावसाळ्यात होडी झाकण्यासाठी त्यांना ताडपत्री हवी असते. गोष्ट ताडपत्रीवरून सुरू होते आणि इंजिन, फिल्टर, टाकी इथपर्यंत जाते. इकडे आमच्या देवगाव रंगारीत, कन्नड तालुक्यात, समुद्र घाट उतरून कितीतरी कोस दूर. तरी जनरेटरवाल्यांची आणि ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार शब्दाशब्दाला तीच. रोग एकच असेल तर इलाजही एकच असला पाहिजे, असे मनात आले. तजुर्बेकार मेकॅनिक आणि टाक्या करणाऱ्या कारागिरांकडून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

पडून राहणारी टाकी

आधी शिडाच्या होडीचा विचार करू, कारण तिच्यात हा रोग सर्वात जास्त दिसतो.

कोकण किनाऱ्यावर दालदी, कोळी, खारवी, गाबीत या बिरादऱ्यांच्या होड्या पिढ्यान्पिढ्या शिडावर चालल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांत इंजिने बसू लागली आणि हळूहळू शीड मागे पडले. आज निव्वळ शिडावर चालणारी बोट दिसते ती बहुधा हौशी लोकांची किंवा नौदलाची. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौदलाच्या शिडाच्या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. शिडाच्या अशा मोठ्या बोटींतही साधारणपणे एक डिझेल इंजिन असते. बंदरात शिरताना, वारा पडल्यावर किंवा बॅटरी चार्ज करण्यासाठी ते लागते. बाकी वेळ ते गप्प असते.

आता फरक पाहा. मासेमारीच्या ट्रॉलरची टाकी रोज रिकामी होते, रोज भरते. तिच्यात पाणी आले तरी ते ढवळून थोडे थोडे फिल्टरमध्ये जाते आणि तांडेलाला दोन दिवसांत कळते. शिडाच्या बोटीची टाकी महिनोन्महिने अर्धी भरलेली पडून असते. पाणी तळाशी बसते, कोणी त्याला हात लावत नाही, आणि पत्रा खाण्याचे काम रात्रंदिवस बिनबोभाट चालते.

आमच्याकडचा जनरेटर म्हणजे याच शिडाच्या होडीचा भाऊ. २००५ पासून पुढे काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन इतके होते की दुकानदार, पिठाची गिरणी, लग्नाचे हॉल, यंत्रमाग अशा सर्वांनी जनरेटर घेतले. आता वीज बऱ्यापैकी असते. जनरेटर कोपऱ्यात, टाकीत जुने डिझेल, आणि वर्षातून चार वेळा गरज. गरज लागते त्या वेळी, म्हणजे मंडपात पाहुणे बसलेले असताना, इंजिन दोन मिनिटे चालून बंद पडते.

पाणी येते कोठून?

मेकॅनिक सांगतात की टाकीतली रिकामी जागा श्वास घेते. दिवसा तापून हवा बाहेर जाते, रात्री गार होऊन बाहेरची दमट हवा आत येते, तिचे दव भिंतीवर जमते आणि थेंब थेंब तळाशी जाते. डिझेलपेक्षा पाणी जड. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८२० ते ८४५ ग्रॅम, पाण्याचे एक किलो. म्हणून पाणी खालीच बसणार. ही गोष्ट बरोबर आहे. परंतु व्यापारी माणसाला हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आम्ही तो केला.

टाकी चारशे लिटरची आणि अर्धी रिकामी धरा. ३० अंश तापमानाला पूर्ण ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. दोनशे लिटर म्हणजे घनमीटरचा पाचवा हिस्सा. म्हणजे टाकीतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी ६ ग्रॅम, जुन्या मापाने अर्धा तोळा. रात्री तापमान २२ अंशांवर उतरले तर त्यातले दोन ग्रॅमच्या आसपास दव होईल. तेही सगळी हवा रोज नवी आली तर. प्रत्यक्षात थोडीच बदलते. म्हणजे महिनाभरात चहाचे दोन-चार चमचे, त्याहून जास्त नाही.

तेव्हा ज्याच्या टाकीतून लिटर-दोन लिटर पाणी निघते, त्याने दवाला दोष देऊन स्वस्थ बसू नये. ते पाणी दुसऱ्या वाटेने आले आहे. होडीत ही वाट बहुधा डेकवरच्या भरण्याच्या तोंडाची असते. झाकणाचे रबरी वायसर दोन-तीन वर्षांत कडक होते, चिरते, आणि लाट डेकवर आली की पाणी सरळ टाकीत. दुसरी वाट हवेच्या नळीची. ही नळी वर नेऊन हंसाच्या मानेसारखी खाली वाकवलेली असली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती बोटीच्या बाजूला सरळ भोक पाडून काढलेली असते; बोट वाऱ्याने एका अंगावर कलली की तेच भोक पाण्याला लागते. शिडाची बोट तर कलण्यासाठीच बनलेली. तिसरी वाट आपण स्वतः डिझेल आणतो ती: कॅन, ड्रम, नरसाळे.

ड्रमविषयी थोडे जास्त लिहितो, कारण आमच्या भागातल्या बांधवांचे नुकसान येथेच होते. दोनशे लिटरचा ड्रम उभा करून अंगणात ठेवला जातो. वरच्या बाजूला कडा उंच असल्यामुळे पावसाचे पाणी झाकणावर तळ्यासारखे साचते. दुपारी ऊन पडले की ड्रममधली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, ड्रम गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचावर साचलेले पाणी त्याच आट्यांतून आत ओढले जाते. बूच पक्के आवळलेले असले तरी हे होते. कोणी पाणी ओतलेले नसते, पंपवाल्याने मिसळलेले नसते, तरी ड्रममध्ये पाणी भरते. उपाय फुकटचा आहे. ड्रम छपराखाली ठेवा. ते शक्य नसेल तर आडवा ठेवा आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली येतील अशी फिरवा. उभाच ठेवणे भाग असेल तर एका बाजूला विटेचा तुकडा देऊन तिरपा करा, म्हणजे पाणी बुचापासून दूर साचेल. ड्रममधून डिझेल काढताना पंपाची नळी तळाला टेकवू नका, चार बोटे वर ठेवा. शेवटचे चार-पाच लिटर पारदर्शक बाटलीत घेऊन पाहिल्याशिवाय टाकीत ओतू नका.

आत काय होते

डिझेल हे तेल आहे. ते लोखंडाला गंजू देत नाही, उलट राखते. म्हणून टाकीच्या भिंती मधल्या भागात वर्षानुवर्षे चकचकीत राहतात. गंज लागतो तो वरच्या रिकाम्या भागात थोडा आणि तळाशी पुष्कळ. तळाच्या पाण्यात समुद्राचे मीठ असेल तर काम जलद होते. गंज सारखा पसरत नाही, एका जागी खड्डा पाडत जातो. बाकीचा पत्रा तीन मिलिमीटर शाबूत असताना एका ठिकाणी सुईएवढे भोक आरपार जाते. म्हणून वरून ठोकून पाहिले, आवाज ठणठणीत आला, म्हणजे टाकी चांगली, असे समजणे धोक्याचे.

याशिवाय एक सजीव शत्रू आहे. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. राहतात पाण्यात, खातात डिझेल. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर तयार होतो. त्यातून आम्ल सुटते आणि ते त्या थराखालचा पत्रा खाते. फिल्टर उघडल्यावर काळी साय दिसली तर गंज लोखंडाचा एकट्याचा नाही, हे समजावे. हे जंतू मारण्याचे औषध मिळते, पण खालचे पाणी न काढता औषध ओतणे म्हणजे गटार तसेच ठेवून घरात फिनेल शिंपडण्यासारखे आहे. मेलेली साय फिल्टरमध्येच येणार.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ डिझेल मिळते. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग. काही जण म्हणतात, आता डिझेल इतके शुद्ध झाले की टाकीची चिंता नको. हे खरे नाही. पाणी जुनेच आहे. बायोडिझेल मिसळलेले असेल तर ते ओल आणखी धरते, आणि जास्त दिवस ठेवण्यासारखे नसते.

होडीत या सगळ्याचा परिणाम वाईट वेळी दिसतो. समुद्र शांत असतो तेव्हा गाळ तळाशी बसून राहतो. वादळी हवेत टाकी ढवळते, गाळ आणि पाणी एकदम फिल्टरमध्ये येते, इंजिन बंद पडते. शिडाच्या बोटीला इंजिन नेमके अशाच वेळी हवे असते, कारण खडकांच्या मधून बंदरात शिरायचे असते. तेव्हा टाकीतले पाणी हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

बाहेरून लागणारा गंज

आता आमच्या धंद्याचा भाग. होडीच्या पुष्कळ टाक्या आतून नव्हे, बाहेरून खाल्ल्या जातात, आणि त्यात कापडाचा हात असतो.

टाकी खडखडू नये म्हणून तिच्याखाली गोणपाट, जुनी सतरंजी, नमदा किंवा चिंध्या घालतात. हेतू चांगला, परिणाम उलट. कापड धंद्यात मॉइश्चर रिगेन म्हणून एक हिशोब असतो: शंभर किलो पूर्ण कोरडा माल साधारण हवेत ठेवला तर तो किती ओल ओढून घेतो. कापसाचा आकडा साडेआठ किलो, तागाचा पावणेचौदा किलो, पॉलिएस्टरचा अर्धा किलोसुद्धा नाही. हे हवेतून, पाणी सांडले तर वेगळेच. म्हणजे टाकीखाली गोणपाट घालणे हे चोवीस तास ओली पट्टी बांधून ठेवण्यासारखे आहे. त्यात समुद्राचे मीठ मुरले की गोष्ट संपली. मिठाचा गुण असा की हवेतील दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. कोकणात पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ याहून दमट. म्हणून एकदा खारे पाणी शिंपडलेली टाकी दिसायला वाळली तरी पावसाळाभर ओलीच असते. यावर इलाज गोड्या पाण्याने धुणे, दुसरा नाही.

आमच्या गावाच्या नावातच रंगारी आहेत, आणि रंगाऱ्याला लोखंडाचा हा स्वभाव कोणी शिकवावा लागत नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड गेले की काळा रंग उतरतो, आणि लाल रंगाच्या भांड्यात गंजाचा अंश पडला की लाल रंग मळतो. सुती मालाला रंग चढवताना भांड्यात मीठ टाकतात. त्या मिठाचे शिंतोडे उडून लोखंडी घडवंचीचे पाय आधी जमिनीजवळ सडतात, कारण ओल तेथे थांबते. टाकीचेही तसेच. ती सडते ती टेकणीवर, पट्ट्याखाली, कोपऱ्यात. जेथे पाणी थांबते आणि हवा लागत नाही तेथे.

म्हणून टाकीखाली पाणी न पिणाऱ्या रबराच्या किंवा कडक प्लास्टिकच्या पट्ट्या द्याव्यात, आणि त्या टाकीला चिकटवून टाकाव्यात, म्हणजे मधल्या फटीत पाणी शिरणार नाही. नुसत्या सैल ठेवलेल्या रबराखालीही पाणी अडकतेच. ओल्या लाकडावर पत्रा टेकवू नये. टाकी बोटीच्या पोटात साचणाऱ्या पाण्यापासून उंच असावी, चारी बाजूंनी हात फिरेल इतकी जागा असावी. ताडपत्रीविषयीही सांगून टाकतो, आमचे गिऱ्हाईक कमी झाले तरी चालेल: टाकी किंवा जनरेटर ताडपत्रीत आवळून बांधू नका. ताडपत्री छपरासारखी वर ताणा, खाली हवा खेळती ठेवा. आवळलेल्या ताडपत्रीच्या आत घाम धरतो.

पत्रा कोणता घ्यावा

बाजारात सर्वात जास्त चालतो तो काळा पत्रा. डिझेलला तो चांगला. फक्त बाहेरून रंग पक्का हवा. नुसता रेड ऑक्साइड मारलेली टाकी दुकानात देखणी दिसते, पण खाऱ्या हवेत टिकत नाही. पत्रा घासून पांढरा करावा, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर इपॉक्सी रंग द्यावा, आणि हे सगळे टाकी बसवण्यापूर्वी करावे. बसवल्यावर तळाला ब्रश पोचत नाही आणि सडतो तो तळच. आतून साधा रंग मुळीच देऊ नये. डिझेल तो सोडवते आणि पापुद्रे फिल्टरमध्ये येतात.

जस्ताचा म्हणजे जी.आय. पत्रा पाण्याच्या टाकीला ठीक असतो, म्हणून लोक डिझेललाही तोच घेतात. येथे फसगत होते. जस्त आणि डिझेलमधली आम्ले मिळून साबणासारखा चिकट पदार्थ होतो आणि तो फिल्टर व नोझलमध्ये बसतो. जस्त बाहेरून असावे, आत नसावे. तांब्याचीही तीच कथा. डिझेल तांब्याच्या संगतीने लवकर बिघडून चिकट होते.

स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही हा समज स्वयंपाकघरातला आहे. ताटली रोज धुऊन वाळते, टाकीचा तळ वाळत नाही. ३०४ नंबरचे स्टेनलेस साचलेल्या खाऱ्या पाण्याखाली, विशेषतः वेल्डिंगच्या रेषेवर, सुईसारखी भोके घेते. समुद्रासाठी ३१६ एल घ्यावे, तेही पाणी साचू न देण्याच्या शर्तीवर. ॲल्युमिनियम हलके आणि चांगले, पण समुद्रासाठी ५०८३ किंवा ५०८६ नंबरचे हवे. त्याला रंग नसला तरी हवेत ते टिकते. ओल्या चिंधीखाली टिकत नाही. आणि ॲल्युमिनियमच्या टाकीला पितळेची तोटी सरळ बसवू नये. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली; त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडते. मध्ये स्टेनलेसचा तुकडा द्यावा. प्लास्टिकच्या टाकीला गंज नाहीच, आणि लहान बोटीला ती पुरते. पाणी मात्र तिच्यातही काढावेच लागते.

धातूपेक्षा घडण जास्त महत्त्वाची, असे आमचे मत झाले आहे. तळ सपाट न ठेवता एका कोपऱ्याकडे उतार द्यावा आणि तेथे काढण्याची तोटी. आतल्या आडव्या पडद्यांचे खालचे कोपरे कापलेले असावेत, नाही तर प्रत्येक कप्प्यात वेगळे पाणी अडकते. इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून इंचभर वर. हात जाईल असे झाकण, साफसफाईसाठी. वरचा पत्रा खोलगट नको. एवढे केलेली काळ्या पत्र्याची टाकी बेढब स्टेनलेस टाकीपेक्षा जास्त वर्षे जाते. आमच्या टाकी करणाऱ्या कारागीर भावांना विनंती की गिऱ्हाईक स्वस्त मागत असेल तर स्वस्त द्या, पण कशात काय कमी केले ते तोंडाने सांगा. मालाचा ऐब सांगून विकणे ही आपल्या शरीअतने विकणाऱ्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि टाकीचा ऐब तर खरेदीदाराला आयुष्यात कधी आतून दिसत नाही.

भोक पडल्यावर

येथे वेल्डर बांधवांनी थांबून वाचावे. आपल्या तरुण पोरांपैकी किती जण या कामात आहेत हे सर्वांना माहीत आहे.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, या भरवशावर जुन्या टाकीला सरळ वेल्डिंग लावले जाते. भारतीय मानक आय.एस. १४६० प्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याच्या पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ तयार होऊ शकते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४० अंश होतात. आणि वेल्डिंगचा पत्रा तर लाल होणार. गंजाच्या पापुद्र्याखाली मुरलेले डिझेल त्या उष्णतेने वाफ होऊन टाकी भरून टाकते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. ती फुटते तेव्हा तिची बाजू वेल्डरच्या छातीवर येते.

सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून वेल्डिंग करण्याची एक पद्धत आहे. ती भरवशाची नाही. सावकाश चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन पुष्कळ शिल्लक असतो. टाकी बोटीतून किंवा जनरेटरवरून काढावी, रिकामी करावी, गरम पाणी आणि साबणाने धुवावी (ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातूच खातो), वाफ सोडून बराच वेळ धुवावी, आणि मग ज्या जागी वेल्डिंग करायचे ती जागा वर येईल अशी टाकी फिरवून तिथपर्यंत पाण्याने भरावी. वरची तोंडे उघडी ठेवावीत. इतकी मेहनत करायला गिऱ्हाईक पैसे देत नसेल तर काम परत करावे. एम-सील लावून घरापर्यंत येता येते, त्यावर हंगाम काढता येत नाही. तळाला दोन ठिकाणी भोके पडली असतील तर तिसरे तयार होत आहे असे समजून टाकी भंगारात द्यावी.

दुरुस्तीनंतर हवा भरून तपासणी करताना तीन पौंडांच्या वर जाऊ नये आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सरळ लावणे मूर्खपणा आहे. दोन फूट बाय तीन फुटांच्या बाजूवर तीन पौंडांनीच हजार किलोच्या वर जोर येतो.

पावसाळ्याची बंदी

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ट्रॉलरवाल्याची टाकी या दोन महिन्यांत शिडाच्या होडीसारखी होऊन बसते. वर्षभर न झालेले नुकसान या दोन महिन्यांत होते, आणि हवाही सर्वात दमट.

जाणकारांचा नियम असा की टाकी भरून ठेवावी. रिकामी जागा नाही तर दव नाही. फक्त शंभराला पाच इतकी जागा डिझेल फुगण्यासाठी सोडावी. व्यापारी यावर विचारील, पैसे अडकतात त्याचे काय? लिटरला नव्वद रुपये धरले तर दोनशे लिटरचे अठरा हजार होतात. लहान टाकीला हे परवडते, कारण डिझेल वाया जात नाही, पुढे वापरले जाते. हजार-दोन हजार लिटरच्या टाकीला परवडत नसेल तर अर्धे ठेवण्याऐवजी पूर्ण रिकामी करावी, झाकण उघडून तळ पुसून कोरडा करावा, काळ्या पत्र्याला आतून इंजिन ऑइलचा हलका हात फिरवावा आणि तोंडे पक्की बंद करावीत. अर्धी टाकी हाच सर्वात वाईट पर्याय, आणि बहुतेक लोक तोच निवडतात.

जनरेटरवाल्यांना बंदी नाही, त्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा. जनरेटर अर्धा तास भार देऊन चालवावा. त्याच्या आधी, रात्रभर स्थिर राहिलेल्या टाकीच्या तळाच्या तोटीतून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत काढावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे. पेट्रोल पंपावर मोजकाठीला लावतात ती पाणी ओळखण्याची पेस्टही मिळते; पाणी लागले की तिचा रंग बदलतो. तोटी नसलेल्या टाकीला हातपंपाची नळी सर्वात खालच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन ओढावे. मोठ्या इंजिनाला काचेच्या वाटीचा वॉटर सेपरेटर बसवणे चांगले, म्हणजे पाणी डोळ्यांना दिसते.

१ ऑगस्टला बोट पाण्यात उतरवण्याची घाई असते, हे आम्हाला मालूम आहे. तरीही टाकी भरून ठेवली असेल तर आदल्या संध्याकाळीच, बोट हलवण्यापूर्वी, तळाचे पाणी काढून घ्यावे. बोट हलली की बसलेले पाणी डिझेलमध्ये ढवळते आणि पुन्हा बसायला वेळ घेते. झाकणाचे वायसर त्याच वेळी नवे टाकावे आणि जास्तीचा एक फिल्टर बोटीत ठेवावा. पहिल्या दोन दिवसांत तो बदलावा लागण्याची शक्यता फार असते.